मंडळाच्या वह्या

त्या सकाळी मी देवासमोर दिवा लावला नाही. आजारपण सोडलं तर असं कधी घडलं नव्हतं. पण मनात इतका संताप होता, की हात जोडणं मला ढोंग वाटलं असतं.

लखनौतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची इतिवृत्तं अकरा जाडजूड वह्यांत लिहिलेली होती. रेल्वेत, फौजेत, सरकारी कचेऱ्यांत बदली होऊन आलेली माणसं, त्यांनी बसवलेली नाटकं, कुणाकडे बारसं झालं, कोण सीमेवरून परतलं नाही, सगळं त्यांत होतं. इथल्या आमच्या मुलांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. त्यांच्यासाठी या वह्यांवरून पुस्तक लिहायचं, हे काम रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी देवाची सेवा म्हणून हाती घेतलं होतं. दोन वह्या वाचून झाल्या होत्या. तेवढ्यात सभागृहाच्या रंगकामासाठी आमच्या तरुण सचिवाने, समीरने, कपाट रिकामं करून सगळ्या वह्या रद्दीत दिल्या.

फोनवर तो म्हणाला, "काकू, दीमक लागली होती, वाळवी. आणि वाचणार कोण होतं?"

मी वाचत होते. मी फोन ठेवून दिला. मग गणपतीशीच भांडले. तुझ्याच उत्सवाचा इतिहास, तुझ्याच समोरचं कपाट, आणि तुला तो सांभाळता आला नाही? तर मग मीही काही मागणार नाही, असं म्हणून देवघराचं दार लावून घेतलं.

रद्दीवाला चौक या जुन्या बाजारपेठेतला, एवढंच समीरला ठाऊक होतं. दोन दिवस मी गोमती नगरहून चौकात जाऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. कुणी हसलं, कुणी कीव केली. दुसऱ्या दुपारी चपलेचा पट्टा तुटला. माझा उरलासुरला धीरही संपला आणि समोर दिसलेल्या पायरीवर मी बसकण मारली.

ते एका म्हाताऱ्या जिल्दसाजाचं, पुस्तकं बांधणाऱ्याचं, दुकान होतं. त्यांनी पाणी दिलं, पट्टा सुतळीने बांधून दिला आणि कशासाठी फिरताय म्हणून विचारलं. मी तावातावाने सगळं सांगितलं. ते आत गेले आणि चार वह्या घेऊन आले. आमच्याच. रद्दीतल्या वह्यांचे पुठ्ठे ते पुस्तकबांधणीला वापरत. सात वह्यांचे पुठ्ठे काढून कागद लगद्याला गेला होता.

"ज़बान समझ में नहीं आई," ते म्हणाले. "मगर हर पन्ने के नीचे दस्तख़त थे. इतने लोगों के दस्तख़त देखे, तो हाथ रुक गया."

मी रडले, पण रागानेच. चार हाती आल्या त्यापेक्षा सात गेल्या हेच मला दिसत होतं. समीरला भर सभेत उभं करायचं, असं ठरवूनच घरी आले आणि त्या चारांतली शेवटची वही उघडली. बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक ठराव समोर आला: जुनी पत्रं आणि छायाचित्रं जागा अडवतात, त्यांची विल्हेवाट लावावी. सूचक म्हणून सही होती. माझी.

मला तो दिवस आठवतही नव्हता. घाईत, नोकरीच्या गडबडीत केव्हातरी मी ते सुचवलं असणार. त्या पत्रांत आणि छायाचित्रांत काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि मला जाब विचारायला कुणी आलं नव्हतं.

मग देवघर उघडलं. सात वह्यांचा राग अजून गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. तो रागच मी त्याच्या पायाशी ठेवला; माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या पायरीवर मला कुणी बसवलं, याचा मी शोध घेत नाही. वह्या सांभाळणारी मी, असं मात्र त्या दिवसापासून म्हणवत नाही.

समीरला घरी बोलावून ते पान दाखवलं. त्याने ते वाचलं, मान खाली घातली आणि उरलेल्या वह्यांचे फोटो काढायला रोज येईन म्हणाला. येतोही. पुस्तक आता छापायला गेलंय. त्यात तो ठरावही आहे, माझ्या सहीसकट.