पहाऱ्यावर उभं राहायला शिकलो

हे लिहितानाही मला एका जागी बसवत नाही. दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारून आलो. बायको म्हणते, आधी श्वास घ्या, मग लिहा. घेतो.

गेल्या वर्षी डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा तिसऱ्यांदा आवळला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं. वरचा आकडा एकशे सत्तर. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी आणि जोडीला ताडासन, असं त्यांनी सांगितलं. नीट उभं राहून संथ श्वास घेतला की रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते म्हणे. मला हसूच आलं. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडत मी तीस वर्षं उभाच आहे. मला उभं राहणं कोण शिकवणार? चार दिवस गच्चीवर छाती फुगवून, श्वास कोंडून उभा राहिलो आणि पाचव्या दिवशी सोडून दिलं.

खरी काळजी वेगळीच होती. हसनाबादजवळच्या आमच्या गावी दरवर्षी नामसप्ताह बसतो. सात दिवस वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण ती जमिनीला टेकत नाही आणि तिचा नाद थांबत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने दोन तास उभंच राहायचं. त्याला पहारा म्हणतात. त्यातल्या एका दिवशी दुपारी बारा ते दोन हा पहारा आमच्या घराचा. आमचे वडील, आबा, गेल्यापासून तो मी करतो. थोरला दादा गावातच असतो, पण त्याच्याकडे पंगतीचं सगळं काम. माझा आकडा ऐकून दादाने फोन केला, "या साली मी उभा राह्यतो. तू निस्ता बसून ऐक." मी भडकलो. म्हणालो, "तू तुझ्या पंगती सांभाळ." दादाने फोन ठेवून दिला.

मनात मात्र धास्ती होती. माझ्या हातून वीणा पडली तर? आबांनी जन्मभर सांभाळलेली गोष्ट माझ्यापाशी येऊन मोडली तर? रोज रात्री पांडुरंगाला विनवायचो, माझी लाज राख. त्याचं ऐकायची तयारी मात्र नव्हती, हे आज कळतं.

माझा पहारा एकादशीला आला आणि तिथे मी मोठा शहाणपणा केला. कडक उपवास धरला आणि उपवासाला गोळी चालत नाही असं स्वतःच ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही, विचारलं असतं तर घ्यावी लागली असती. बारा वाजता गळ्यात वीणा घेतली, गुडघे ताठ आवळले आणि उभा राहिलो. तासाभरात कानात दडे बसले. समोरची मूर्ती अंधुक झाली. दादा मागे फराळाच्या पंगतीत वाढत होता, त्याला हाक मारायला आवाज फुटेना. देवा, वीणा तेवढी सांभाळ, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात वीणेच्या दांडीखाली कुणाचा तरी हात आला. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, साठीचा माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाला, "माउली, वीणा माझ्या गळ्यात द्या. जल्दी."

"पहारा आमच्या घराचा हाय," मी पुटपुटलो.

"तुमचाच हाय. मी निस्ता धरून राह्यलो. द्या."

मी वाकलो, तो वाकला आणि वीणा त्याच्या गळ्यात गेली. नाद एक क्षणही तुटला नाही. मी खांबाला टेकून बसलो आणि मला रडू कोसळलं. दादा धावत आला, माझ्या पिशवीतली गोळी दिली, पाणी पाजलं. पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचे हात शेंगदाण्याच्या आमटीने माखलेले होते.

दोनला थोडा वेळ उरला तेव्हा डोकं ताळ्यावर आलं होतं. त्या माणसाने खुणेनं बोलावलं. मी उठलो. वीणा परत देताना तो म्हणाला, "गुडघे ढिले सोडा. दोन्ही तळवे बराबर टेकवा. श्वास कोंडू नका. तुमचा विठोबा बघा, ताणून उभा हाय का? आन् चक्कर आली तर मंग द्यायची दुसऱ्याला. त्यात कमीपणा न्हाई."

मी मूर्तीकडे पाहिलं. दोन्ही पाय सारखे टेकलेले, खांदे सैल, चेहरा शांत. डॉक्टरबाई जे सांगत होत्या ते जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं! शेवटची पंधरा मिनिटं मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिलो. पहारा संपल्यावर त्या माणसाला शोधलं. कुणी त्याला ओळखत नव्हतं. पाहुणा असेल कुणाचा तरी, दादा म्हणाला. असेल. मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची मनसोक्त बोलणी खाल्ली. तेव्हापासून सकाळी आधी गोळी, एकादशीलासुद्धा, आणि मग तुळशीपुढे दहा मिनिटं ताडासन. हळूहळू आकडा उतरला. गोळी सुरूच राहील असं बाईंनी बजावलंय. या वर्षी मात्र त्या म्हणाल्या, खुशाल उभे राहा.

परवा पहारा झाला. पाय पक्के होते, श्वास संथ होता, दोन तास सहज निघाले असते. एक वाजता मी मागे वळून दादाला बोलावलं. तो हात पुसत आला, घाबरलेला. "काय होऊन राह्यलं? चक्कर?" मी नाही म्हणून मान हलवली आणि वाकून वीणा त्याच्या गळ्यात घातली. आबांच्या या मोठ्या मुलाने इतक्या वर्षांत ती एकदाही घेतली नव्हती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.  तो ताठ, गुडघे आवळून, श्वास धरून उभा राहिला, हुबेहूब माझ्यासारखा.

मी वीणेच्या दांडीखाली हात धरला आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "दादा, गुडघे ढिले सोड."