ताटलीबरोबर जाणारं नाव

लग्न होऊन ओसाकाला आलेल्या जयमालाला पहिल्याच आठवड्यात खालच्या खाणावळीतलं भांडण ऐकू आलं. फळ्यांची जमीन, सगळं वर येई. नवरा म्हणे "याकिनिकू", बायको म्हणे "बुल्गोगी", आणि मधूनमधून भांड्यांची आदळआपट. जयमालाला वाटलं, सवतीवरून चाललंय.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ती बायको भेटली. नाव ओकबुन, पण अख्खा बाजार तिला ओमोनी म्हणायचा, म्हणजे कोरियन भाषेत आई. जयमालाने मोडक्या जपानीत, हातवारे करत विचारलं, तर ती हसतच सुटली. भांडण दारावरच्या पाटीचं होतं. बुल म्हणजे विस्तव, गोगी म्हणजे मांस. विस्तवावरचं मांस, एवढंच. तिची प्योंगयांगकडची आई चुलीपुढे हाच शब्द म्हणायची. नवऱ्याचं म्हणणं, पाटीवर जपानी याकिनिकूच हवं, म्हणजे तेच भाजलेलं मांस; कोरियन नाव वाचून जपानी गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल.

पाटी याकिनिकूचीच लागली. ओकबुन ती रोज पुसायचीसुद्धा. पण टेबलावर ताटली ठेवताना दर वेळी म्हणायची, "बुल्गोगी." आईचा शब्द आपल्याबरोबर बुडेल, याचीच तिला धास्ती.

जयमाला गाईचं मांस खात नाही हे कळल्यावर ओकबुनने तोच मसाला, सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल, किसलेली नाशपाती, अळंब्यांना लावून त्या भाजून दिल्या.

"ओमोनी, तुमची बुल्गोगी छान झालीय," जयमाला म्हणाली.

"ही बुल्गोगी नव्हे. यात मांस कुठंय? खा गुमान."

तीस वर्षं जयमालाने ते बिननावाचंच खाल्लं.

ओकबुनचा नवरा वारला तसा तिचा मुलगा म्हणाला, पाटी बदलू, आता कोरियन नावालाच गर्दी होते. ओकबुनने मान हलवली. "ती त्यांची, राहू दे वर. माझा शब्द ताटलीबरोबर जातो." मग जपानी सुनेला पुढे बोलावून तिच्या हाती ताटली दिली. सून लाजत, अडखळत "बुल्गोगी" म्हणाली. ओकबुनने तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः मागे भांड्यांपाशी गेली.

गेल्या सप्टेंबरात, ओकबुन वारली त्याच्या आदल्या दिवशी, ती जयमालाला बाजारात दिसली. ऐंशी उलटलेली, चाकाची पिशवी ओढत. नेहमीसारख्या डागाळलेल्या नाशपात्या निवडत होती. किसायच्याच तर देखण्या कशाला, असं फळवाल्याला ऐकवत. चार घेतल्या. एक परत ठेवून दुसरी उचलली. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती, सून एकटी वाढत असेल म्हणून ती घाईत होती. तरी लाल सिग्नलला, रस्त्यावर एकही गाडी नसताना, थांबली.