मिस्टर वॉशिंग्टन यांचा लोहार

मिस्टर वॉशिंग्टन यांनी माझ्या डेस्कवर गुंडाळी उलगडली. वंशवृक्ष होता. सगळ्यात वर, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन.

"माझ्या थोरल्या भावानं काढलाय. तो गेला गेल्या वर्षी," ते म्हणाले. "शनिवारी फॅमिली रीयुनियन आहे. तिथे लावायचाय."

ऐंशीच्या दशकात मी ॲन आर्बरच्या एका लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर होते. लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे, हे काम. आता पंचाईत अशी, की त्या अध्यक्षांना स्वतःचं मूलच नव्हतं. हे सांगणं जिवावर आलं, म्हणून मी बॉसकडे गेले.

बॉस मिसेस ॲडम्स. त्या आडनावाचे दोन अध्यक्ष होऊन गेले. बाई त्यांच्यापैकी कोणाच्याच नात्यातल्या नव्हत्या, पण कोणी विचारलं तर नुसतं मंद हसत.

"दोन मिनिटांचं काम," त्या म्हणाल्या. "'नो चिल्ड्रन' म्हणून सांग आणि नेक्स्ट घे."

मी सांगितलं. मिस्टर वॉशिंग्टन मोठ्यानं हसले.

"मिस जोगळेकर, मी गाड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, पण शाळेतही गेलो होतो! काळ्या माणसाला हे आडनाव कसं मिळालं असेल, ते ठाऊक आहे मला. भावाला कोणीतरी मोठा हवा होता. मला खरा हवाय. आमची थोरली चुलत बहीण बेसी नव्वदीला आलीय. तिनं तो बघावा."

गुलामी संपल्यावर अनेकांनी आडनावं घेतली. कोणी मालकाचं, कोणी आवडलेलं. याच आडनावाच्या एका थोर शिक्षकानं तर ते लहानपणी, हजेरीच्या वेळी, स्वतःच ठरवलं होतं. म्हणजे आडनावावरून शोधण्यात अर्थ नव्हता.

आपल्याकडे देशपांडे भेटले की आपण विचारतो, "कुठले?" मीही सवयीनं तेच विचारलं.

"अलाबामाचे," ते म्हणाले, आणि एका खेड्याचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव मोझेस, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग १८७० च्या जनगणनेची मायक्रोफिल्म काढली. मायक्रोफिल्म म्हणजे जुन्या कागदांचे बारीक फोटो असलेलं रीळ. मशीनला लावून हँडल फिरवायचं आणि पडद्यावर वाचायचं. गुलामीतून सुटलेल्यांची नावं सरकारनं पहिल्यांदा सरसकट लिहिली ती या जनगणनेत. आम्ही तीन दिवस हँडल फिरवत होतो. मिसेस ॲडम्स दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या.

गुरुवारी दुपारी सापडला. आयझॅक, वय चाळीस, लोहार. लिहितावाचता येत नाही. त्याच घरात मोझेस, वय अठरा. खाली टेम्पी, वय नऊ.

"टेम्पी!" ते ओरडले. अख्खी रीडिंग रूम वळली. "आजोबांची बहीण! बेसीला केस विंचरून द्यायची ती!"

मग बराच वेळ ते पडद्यावर बोट ठेवून बसले. मी हँडलला हात लावला नाही.

सोमवारी फोन आला. शनिवारी त्यांनी बेसीला आयझॅकचं नाव दाखवलं होतं.

"खूश झाल्या का?"

"रडली. मग डोळे पुसून म्हणाली, 'याची आई कोण?'"

मी खरं तेच सांगितलं. त्याआधीच्या याद्यांत नाव असतं मालकाचं. गुलामांचं फक्त वय, स्त्री की पुरुष आणि रंग.

"मंगळवारी येतो," ते म्हणाले. "वय तर वय."

नोकरीत मी एवढंच शिकले. अध्यक्ष पाच मिनिटांत सापडतो. लोहाराला तीन दिवस लागतात. त्याच्या आईसाठी किती, ते मी रिटायर झाले तेव्हाही सांगू शकले नसते.