माइकची चाचणी

छावणी भागातला आमचा कॉम्प्युटरवाला मशीनशीही अदबीनं बोलायचा. माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर दोन यूएसबी माइक एकत्र चालेनात, म्हणून मी त्याला घरी बोलावलं.

"कॅमेरा आन् दोन्ही माइक एकाच यूएसबी हबवर! कॅमेऱ्यानं समदी जागा खाल्ली, साहेब," म्हणत त्यानं कॅमेरा मागच्या वेगळ्या पोर्टात लावला. मग स्पीकर मोठा करून तो माइकमध्ये ओरडला, "टँकर आला, टँकर आला!" चाचणीचं त्याचं हेच वाक्य असे.

दुष्काळाचे दिवस. अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावत आली.

त्यानं दारात जाऊन हात जोडले. "माफ करा, टँकर नाय. पर आवाज कसा खणखणीत आला!"

एका आजीनं रिकामी बादली त्याच्या डोक्यावर पालथी घातली.

आतून तो शांतपणे म्हणाला, "आजी, इथं मात्र लई घुमतोय."