हॉलिस टार्पलीच्या तोंडातल्या शेंगा

एप्रिल महिन्यात कुणी फुटबॉलवर तासभर बोलत बसला, तर आमच्या हॅलबर्ट गावात त्याला कुणी वेडा म्हणत नाही. खेळ असतो चार महिने, बोलणं बारा महिने. पण बेसबॉलचं नाव निघालं की खुर्ची मागं सारून उठणारा माणूस मी अख्ख्या मिसिसिपीत एकच पाहिला. तो म्हणजे हॉलिस टार्पली.

मी ओपल. कॉलेजच्या फाटकासमोर माझं न्याहारीचं दुकान आहे. लग्न करून टेक्ससहून आले त्याला बारा वर्षं झाली. नवरा गेला, दुकान राहिलं, आणि दुकानाबरोबर खिडकीजवळचं टेबलही माझ्या वाट्याला आलं. त्या टेबलावर रोज सकाळी सातला तिघं येऊन बसतात. हॉलिस एकाहत्तरचा, गुडघ्यानं अधू, जन्मभर कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर पांढऱ्या रेघा मारल्या. बफर्ड ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा, आता नुसती जीभ चालवतो. आणि लॉनी, बावन्न वर्षांचा, विमा विकतो. तरुणपणी कॉलेजच्या बेसबॉल संघात चेंडू टाकायचा.

आमच्या कॉलेजच्या संघांना 'खेचरं' म्हणतात. नावाप्रमाणे वागतातही.

"चौथा प्रयत्न, दोन यार्ड राहिलेले, आणि तो शहाणा कोच लाथ मारून चेंडू त्यांच्या हवाली करतो!" हे बफर्डचं रोजचं रडगाणं. सामना गेल्या नोव्हेंबरातला. आमचा फुटबॉल चेंडू काखोटीला मारून पळायचा; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा.

"मग काय करायचं होतं? तुला पाठवायचं होतं पळायला?" हॉलिस विचारायचा.

"पाठवायचं होतं. मिळवले असते मी दोन यार्ड."

"तू नुसता आडवा पडला असतास तरी मिळाले असते. दोन यार्ड तर तुझं पोटच आहे."

असं चालायचं. हॉलिसला कोणत्या साली, कोणत्या सामन्यात, कोणत्या रेघेवर कोण घसरला ते पाठ. रेघ त्यानंच मारलेली ना! मला तर ऐकताना कामाचं भान राहायचं नाही. पण मध्येच बफर्ड म्हणायचा, "काल बेसबॉलमध्ये मात्र आपल्या खेचरांनी..." की हॉलिस उठलाच. कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभा राहायचा, जणू ते मशीन त्यानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

आधी मला वाटलं, वय झालं, बाथरूमला जात असेल. पण बेसबॉलचं नाव काढल्यावरच कशी लागते बाथरूम? मी आपली खोदून विचारणारी बाई. एकदा सरळ विचारलं, "हॉलिस, बेसबॉलनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"ओपलबाई, तुमची बिस्किटं करपताहेत," तो म्हणाला.

छे, कुठली करपताहेत! चांगली गुबगुबीत फुगत होती. म्हणजे काहीतरी होतं, आणि ते कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते कळलं. त्याचं असं झालं की कॉर्डी दुकानात आली. कॉर्डी हॉलिसची नात. आई लहानपणीच गेली, बापाचा पत्ता नाही, हॉलिसनंच वाढवली. कोठाराच्या भिंतीला पाठ लावून, त्या मोडक्या गुडघ्यांवर उकिडवा बसून त्यानं तिचे हजारो चेंडू झेलले. आज ती कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आहे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू खालून टाकतात आणि नऊऐवजी सात डाव, बाकी सगळं तेच. आणि चार वर्षांत हॉलिसनं तिचा एकही सामना पाहिला नव्हता.

ती टेबलापाशी उभी राहिली. "आजोबा, शनिवारी घरच्या मैदानावरचा माझा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाच्या मुलींना आधी मैदानात नेतात, आईवडिलांचा हात धरून. माझ्याबरोबर कोण चालणार?"

हॉलिसनं काट्यानं अंडं इकडून तिकडं सारलं. "बघतो."

"चार वर्षं बघतोच म्हणताय. मला कारण तरी सांगा."

"गुडघा..."

"गुडघ्याचं मला सांगू नका. फुटबॉलच्या वेळी कसा चालतो गुडघा?" तिचे डोळे भरले. "नाही आलात तर मी एकटी चालेन. सगळ्या गावासमोर."

ती गेली. हॉलिस ताट तसंच टाकून उठला. माझं डोकं फिरलं. तो दाराबाहेर पडताच मी बफर्डच्या समोरची बशी उचलली आणि म्हटलं, "आता सांग. नाहीतर ही परत मिळणार नाही."

बफर्डनं आधी लॉनीकडे पाहिलं. लॉनी खिडकीबाहेर बघत होता. बफर्डनं आवाज उतरवला.

"एकतीस वर्षं झाली. आपला लॉनी चेंडू टाकत होता. जिंकलो असतो तर ओमाहाला, देशातल्या शेवटच्या आठ संघांत. आठ डाव झाले, नववा चालू, त्यांचे दोघं बाद, तिसरा गेला की संपलं, आणि तोवर..." त्यानं नुसतं बोटांनी शून्य करून दाखवलं.

मी समजले. समोरच्यांना पूर्ण सामन्यात एकही धड फटका मारू दिला नाही, तर त्या पिचरचं नाव गाव मरेपर्यंत विसरत नाही. आणि तसं चाललं असताना ते तोंडातून काढायचं नाही. आमच्या टेक्ससातही हे देवळातल्यासारखं पाळतात. हवापाण्यावर बोलायचं, कुणाच्या नव्या गाडीवर बोलायचं, पण त्यावर नाही. बाकावर पिचरच्या शेजारी त्याचे सोबतीसुद्धा बसत नाहीत.

"तेव्हा हॉलिस बेसबॉलच्या मैदानाचंही बघायचा. कुंपणाला टेकून उभा होता. कोणीतरी उशिरा आला आणि विचारलं, काय चाललंय? आणि हॉलिस बोलून गेला. तीन-शून्य आपण पुढं, आणि त्यांना अजून एकही फटका मारता आलेला नाही."

"अरे देवा!"

"पुढच्याच चेंडूला फटका. मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता चार धावा. गेलो की आपण! सगळं मैदान वळून हॉलिसकडे बघत होतं. सोमवारी त्यानं अर्ज दिला, मला फक्त फुटबॉलच्या मैदानावर ठेवा. तेव्हापासून तो त्या बाजूच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. त्याला वाटतं, आपण गेलो तर पोरीचंही वाटोळं होईल."

मला हसू की रडू कळेना. एका वाक्यापायी एकतीस वर्षं! मला आठवलं, लॉनीच्या घराचा लाकडी ओटा हॉलिसनं दोनदा फुकट रंगवून दिलाय. दर हिवाळ्यात अक्रोडासारखे पिकन सोलून पिशवीभर त्याच्या दारात ठेवतो. मी समजायचे, शेजारधर्म.

बफर्ड गेल्यावर लॉनी उठायच्या बेतात होता. मी त्याच्यासमोर बसले.

"लॉनी, तुला ऐकू आलं होतं का रे तेव्हा? हॉलिसचं बोलणं?"

त्यानं कप उचलला, कॉफी कधीच संपलेली.

"मी विचारतेय."

"नाही," तो म्हणाला. "चाळीस पावलांवर होता तो. आणि ऐकू यायची गरजच काय होती, ओपल? समोर एवढा मोठा गुणांचा फळा होता. त्यावर शून्य होतं. तिसऱ्या डावापासून मी दुसरं काही बघतच नव्हतो."

"मग?"

"मागं बसून चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरनं बाहेरचा, हळू चेंडू मागितला. मी मान हलवून नाही म्हटलं. मला जोरात टाकून, थाटात संपवायचं होतं. टाकला तो मधोमध. लहान पोरानंही मारला असता."

"आणि हे तू त्याला सांगितलं नाहीस?"

"सगळे त्याच्याकडे बघायला लागले, ओपल. माझ्याकडे कुणीच बघेना. एकवीस वर्षांचा होतो मी. बरं वाटलं मला. मग एक वर्ष गेलं, दहा गेली. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?"

असा संताप आला म्हणून सांगू! त्याच्या घराचा ओटा डोळ्यांसमोर आला. "त्याच तोंडानं, ज्या तोंडानं त्याचे पिकन खाल्लेस! शनिवारी सकाळपर्यंत मुदत. तू सांग, नाहीतर मी भर टेबलावर सांगेन."

शनिवारी सकाळी लॉनी आलाच नाही. त्याची खुर्ची रिकामी. हॉलिस मात्र आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "ओपलबाई, पोरगी एकटी चालणार नाही. हात धरून चालेन आणि लगेच बाहेर पडेन. पण तुम्ही माझ्याबरोबर चला. आणि उकडलेल्या शेंगा द्या, मोठी पिशवी."

"शेंगा कशाला?"

"तोंड भरलेलं असलं की बोलणार कुठून?"

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. म्हटलं, आत्ता सांगितलं आणि हा भडकून घरी गेला तर कॉर्डीचं काय? आधी पोरगी चालू दे, मग बघू.

पोरगी चालली. तिच्या एका हातात पिवळी फुलं, दुसऱ्या हातात आजोबांचा कोपर. हॉलिस लंगडत होता, पण मान ताठ. मैदानावर आखलेल्या पांढऱ्या रेघेवर त्याचा पाय पडणार होता, तो त्यानं उचलून पलीकडे टाकला. सवय! कॉर्डीनं त्याला आमच्या रांगेपर्यंत आणून सोडलं आणि बोट रोखून म्हणाली, "इथून हलायचं नाही." मग काय बिशाद आहे त्याची!

सामना सुरू झाला आणि हॉलिसचा हात पिशवीत. पहिला डाव, दुसरा डाव, शेंगांवर शेंगा. तिसऱ्या डावात माझ्या शेजारी बसलेल्या बफर्डनं माझ्याकडे पाहिलं. चौथ्यात आमच्या पुढच्या रांगेतल्या बाया एकदम त्यांच्या पडद्यांच्या कापडावर बोलायला लागल्या. मी फळ्याकडे पाहिलं. आपण दोन, त्या शून्य. आणि शेजारच्या रकान्यात, त्यांच्या फटक्यांच्या, तेही शून्य.

हॉलिसला कधीच कळलेलं होतं. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. पाचव्या डावात लॉनी आला. हॉलिसच्या पलीकडे बसला. चेहरा असा पांढरा, जणू विमा उतरवायला स्वतःच निघालाय.

"सांगितलंस?" मी ओठांनी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

सातवा डाव. शेवटचा. एक बाद झाली. स्टेडियमात चिडीचूप. आणि मग एकेक मान मागं वळायला लागली. जुनी माणसं हॉलिसकडे बघत होती. तोच चेहरा, तोच माणूस, आज पुन्हा मैदानात. हॉलिसनं पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी. त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि तो उठायला लागला. पळून जायला निघाला होता हो बिचारा, नातीचा शेवटचा डाव टाकून!

लॉनीनं त्याचा दंड धरून खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. मग घसा फुटेस्तोवर ओरडला, "सहा डाव झाले, आणि त्यांना अजून एकही फटका मारता आलेला नाही!"

देवा शपथ सांगते, एखाद्यानं चर्चमध्ये शिवी दिली असती तर लोक एवढे दचकले नसते. पुढच्या बाईच्या हातातून सरबत सांडलं. बफर्ड नुसता "अरे, अरे, अरे" करत राहिला.

पुढच्याच चेंडूला फटका बसला. सरळ, स्वच्छ, मैदानातल्या आपल्या दोघा पोरींच्या मधून.

सगळं मैदान वळलं. या वेळी लॉनीकडे. कुणी टोपी फेकून मारली, कुणी त्याच्या आईचा उद्धार केला. लॉनी उभाच होता, हात खाली सोडून, सगळं अंगावर घेत. हॉलिस तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता.

पुढच्या दोघी बाद झाल्या, आपण दोन-शून्य जिंकलो. कॉर्डी पळत पळत आमच्या रांगेशी आली आणि कुंपणावरून आजोबांच्या गळ्यात पडली.

"बाळा," हॉलिस म्हणाला, "या लॉनीनं घात केला गं तुझा. ओरडला तो."

"कोण ओरडलं? कधी?" तिनं कपाळ पुसलं. "तिथं उभं असताना मला काही ऐकू येत नाही, आजोबा. फळा तर समोरच असतो, मला सगळं माहीत होतं. तो चेंडूच वाईट टाकला मी. मधोमध गेला. कुणीही मारला असता."

ती सोबतिणींकडे परत पळाली. हॉलिस ती गेली त्या दिशेनं बघत राहिला. मग हळूहळू लॉनीकडे वळला.

"लॉनी," तो म्हणाला, "तुला तरी ऐकू आलं होतं का रे?"

लॉनी त्याच्या शेजारी खाली बसला. "नाही, हॉलिस. कधीच नाही."

हॉलिसनं मांडीवरची शेंगांची टरफलं झटकली, एकेक करून, सगळी. "ओटा पुन्हा रंगवायला आलाय तुझा," तो म्हणाला. "या वेळी ब्रश तू धर. मी खुर्ची टाकून बसेन आणि बोलेन."