दादाची पाठ

परवा टीव्हीवर माझा मोठा भाऊ दिसला. परदेशातल्या कुठल्याशा ऑपेरात, वादकांसमोर छडी घेऊन उभा. कॅमेरा सारखा त्याच्या चेहऱ्यावर जात होता. माणूस जगाचा झाला की त्याचा चेहरा जगाला दिसतो. घरच्यांच्या वाट्याला काय येतं, ते मी पाहिलं आहे.

तो मुंबईत कार्यक्रमाला आला, तेव्हा आईला मी पहिल्या रांगेत बसवलं होतं. अकरा वर्षांनी लेक दिसणार म्हणून तिने मोतीबिंदूचं ऑपरेशन मुद्दाम आधी उरकून घेतलं होतं. दोन तास तिला त्याची पाठच दिसली. टाळ्या पडल्या की तो वळायचा, वाकायचा, की पुन्हा पाठ. संपल्यावर आत भेटायला गेलो, तर त्याच्या सेक्रेटरीने दारातच अडवलं. "सरांना विमान गाठायचंय. ते फोन करतील."

टॅक्सीत मी फणफणत होते. "जगभर फिरतो, आणि तुझ्यासाठी दहा मिनिटं नाहीत!"

"डावा खांदा उतरलाय त्याचा," आई म्हणाली. "दुखत असणार. तिथे तेल कोण लावून देणार?"

चार दिवसांनी दादाचा फोन आला. कार्यक्रम कसा वाटला, त्याने विचारलं. "छान झाला हो," एवढंच बोलून आईने फोन माझ्याकडे दिला.

"अगं, खांद्याचं विचारलं नाहीस?" मी नंतर म्हटलं.

"परक्या माणसाला असं कसं विचारायचं?"