बत्तीच्या कोनाड्यातला डबा

खाडीकाठच्या जुन्या दीपगृहाला आमच्याकडे कुणी दीपगृह म्हणत नाही. ती बत्ती. तिचा वरचा दिवा माझ्या जन्माआधीच बंद पडलेला. खाली भिंतीत एक दगडी कोनाडा आहे, आणि त्यात माझी काकी रोज तिन्हीसांजेला पणती लावायची.

घरचा माणूस होडी घेऊन गेला की बाईने काठावर दिवा लावायचा, आणि परत आल्यावर त्यानेच तो मालवायचा, अशी आमची रीत. काका रेतीची होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली, ते नाही. मालवणाराच आला नाही, म्हणून काकीची पणती वर्षानुवर्षं चालू राहिली.

मला त्याचा संताप यायचा. कपाळावर कुंकू तसंच, हातात तेलाची बाटली तशीच. "काकी, पुरे आता," मी तोंडावर सांगायचो. ती शांतपणे विचारायची, "त्यानं सांगलंय का, मी न्हाय येनार म्हून?" मी तणतणत निघून जायचो.

पुढे बत्तीभोवती बाग झाली, बाकं आली. त्याच सुमारास परदेशातले माझे भावोजी सुट्टीवर आले, ते जागा दाखवणारं मोबाइलएवढं एक यंत्र घेऊन. तिकडे म्हणे जिओकॅशिंग नावाचा खेळ असतो. कुणीतरी डबा लपवतो, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो, आणि बाकीचे यंत्र घेऊन तो शोधतात. गणेशपुरीच्या आश्रमात आलेल्या कुणा परदेशी पाहुण्याने असा एक डबा आमच्या बत्तीपाशी ठेवला होता. भावोजींनी सायबर कॅफेतून आकडे उतरवून आणले.

शुक्रवार होता. मी कामाला होतो ते लूम, म्हणजे यंत्रमाग, त्या दिवशी बंद, त्यामुळे मीही रिकामा. आम्ही बाकांखाली वाकलो, झुडपं चाळली. यंत्र बत्तीपाशी नेऊन सोडत होतं आणि पुढे गप्प. माझं डोकं तापायला लागलं होतं. एवढ्यात काकी तिच्या वेळेला आली.

"जावईबापू, काय शोधता?"

भावोजींनी सांगितलं. काकीने कोनाड्यात हात घातला आणि पणतीच्या मागून धुतलेल्या फडक्यात बांधलेला प्लास्टिकचा डबा काढला.

"ह्यो का? मागल्या पावसाच्या आधी कोनी ठेवलाय. ठेवनारा न्यायला येल, म्हून झाकून ठेवला."

तिने तो कधी उघडलाही नव्हता. रोज पुसायची फक्त. भावोजी खूश झाले, त्यांनी झाकण काढलं. आत एक शिंपला, प्लास्टिकचा हत्ती, छोटी टॉर्च. ते काकीला समजावू लागले, "सापडेल त्याने यातलं काही घ्यायचं आणि आपलं काही ठेवायचं."

"आनि ज्यानं ठेवलाय त्यो?"

"तो परत येत नाही, काकी. त्याची वाट बघायची नसते."

भावोजी डब्याबद्दल बोलत होते. काकीने मात्र मान वळवून खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता.

"मला काय नको यातलं," ती म्हणाली. मग कनवटीची काडेपेटी काढून तिने हत्तीशेजारी ठेवली, झाकण लावलं, फडक्याला गाठ मारली आणि डबा जागेवर सरकवला. पणती तिने लावलीच नाही. तेलाची बाटली घेऊन ती बांधावरून घराकडे चालू लागली. मी हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. आणि आता तो काळा कोनाडा मला बघवेना. अंधार दाटून आला. बांधावर काकीचं लुगडं जेमतेम दिसत होतं. मी गाठ सोडली, काडेपेटी काढली, तिच्या जागी माझी किल्लीची साखळी ठेवली, आणि तळाशी उरलेल्या कालच्या तेलावर पणती लावली.

"आता कुणासाठी?" भावोजींनी हळूच विचारलं.

"काकी अजून घरी पोचली नाही," मी म्हटलं.